हरवलेल्यासाठी

"भाभी, अब तो बोल देव. कब तक दिल कू पत्थर करके बैठते?" दीर दस्तगीर उंबऱ्यावरून म्हणाला.

"कायकू बोलूं? मेरा मुनाफ खोया है, मरा नै," जैतूनबी म्हणाली आणि शिवणाच्या मशीनच्या सुईखालचा टॉवेल तिने पुढे ओढला.

मुनाफ तिचा एकुलता एक. उजनीच्या पाण्यात एका बागायतदाराच्या पंपाची मोटार दुरुस्त करायला उतरला, तो वर आलाच नाही. जाळी टाकून झाली, पाणबुडे थकले. गल्लीतल्या बायका येऊन 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' म्हणून गेल्या. कुणी गेलं की म्हणायचं ते: आपण अल्लाहचे, त्याच्याकडेच परतणार. जैतूनबीने मात्र ओठ घट्ट मिटले. आईच म्हणाली म्हणजे संपलंच की सगळं!

एरवी हे शब्द तिच्या जिभेवरच असायचे. सुई हरवली, किल्ली सापडेना, की म्हणायचे. वस्तू परत येते, असं तिला आईनं शिकवलं होतं. शेजारची सुंदरम्मासुद्धा भिंतीपलीकडून ओरडायची, "जैतूनबी, चष्मा गेला बघ, तुझं ते म्हण की!" आणि मेला चष्मा सापडायचाही, बहुतेक तिच्याच डोक्यावर.

त्या दुपारी सुंदरम्मा भाकरी घेऊन आली. "चार घास खा गं. आन् पोरासाठी म्हण की ते. माझ्या चष्म्यासाठी म्हणतीस."

जैतूनबी चमकली. खरंच की! मेलेल्यासाठी नव्हे, हरवलेल्यासाठी म्हणायचं. तिने नमाजाआधी करतात तसा हात-तोंड-पाय धुऊन वजू केला, पदर डोक्यावर घेतला आणि पोटातून म्हणायला लागली. थांबेचना. दस्तगीर डोळे पुसू लागला. भाभीनं एकदाचं मान्य केलं, असं त्याला वाटलं. वाटेना का!

दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानआधी त्याचा फोन वाजला. "हौ... हौ..." म्हणत तो खालीच बसला.

"मिल्या, भाभी. केले के बाग कने, किनारे कू लगा."

"मिल्या?" ती ताडकन उठली. "जीता है ना?"

दस्तगीरचे नुसते ओठ हलले. तेच शब्द. दारात जमलेल्या गल्लीतल्या बायकांनीही तेच म्हटले.  जैतूनबीनं मागितलं होतं तेच तिला मिळालं होतं.

अजूनही सुंदरम्माचा चष्मा हरवतो. पण ती आता हाक मारत नाही, एकटीच चाचपडत राहते. फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो. जैतूनबीचे ओठ उघडतात, तसेच मिटतात. मग ती मशीनवर जोरात पाय मारते, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.