आजीने चपला काढल्या

तू झोपली आहेस तेवढ्यात लिहून ठेवते. सव्वा वर्षाची होतीस, तुला यातलं काही आठवणार नाही. पप्पा सांगतील तेव्हा हसण्यावारी नेतील.

आपण मुंबईला संग्रहालय बघायला गेलो होतो. तिथं शेकडो वर्षं जुनी बुद्धमूर्ती आहे, हे पप्पांकडून कळल्यापासून आजीनं एकच धरलं होतं : त्या मूर्तीसमोर बसून वंदना म्हणायची. केडगावहून निघताना तिनं दारातली तगरीची चार फुलं ओल्या रुमालात बांधून कमरेला खोचली.

आधी प्राण्यांचं दालन लागलं. पेंढा भरलेल्या काळविटाकडे आजी बराच वेळ बघत राहिली.

"आपल्याकडं रेहेकुरीच्या रानात हे जित्तं पळतंय, आन आपुन तिकीट काढून मेलेलं बघतोय व्हय?"

पप्पांनी इकडंतिकडं बघितलं. सकाळपासून ते तिला हळू बोलायला सांगत होते.

बुद्धाच्या दालनाच्या दारातच आजीनं चपला काढल्या. रखवालदार खुर्चीवरून उठून आला. अनवाणी फिरायचं नाही, फुलं आत न्यायची नाहीत, खाली बसायचं नाही. आजी म्हणाली, मूर्तीला हात लावत नाही, फूल वाहत नाही, नुसतं ओंजळीत धरते.

"मावशी, हे देऊळ नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "ही कलावस्तू आहे. देव नाही."

"देव कोन म्हनतंय? देव असता तर आमी आलोच नसतो. मानूस हाय त्यो."

तेवढ्यात पप्पांनी तिच्या चपला उचलून तिच्या पायाशी आणून ठेवल्या. लोक बघतायत, चल, म्हणाले. आजीनं चपलांकडं बघितलं. मग रखवालदाराकडं नाही, पप्पांकडं बघून अगदी हळू बोलली. दिवसभरात पहिल्यांदाच हळू.

"नितीन, ल्हानपनी वरच्या आळीतनं जाताना मला ह्या हातात घ्याय लावायचे. तवा लोकांनी काढाय लावल्या. आज मी माझ्या मनानं काढल्यात. आता त्या घाल म्हनून मला कुनी सांगायचं न्हाई. तू तर न्हाईच."

सहा वर्षं मी या घरात आहे. हे मला माहीत नव्हतं. पप्पांच्या तोंडाकडं बघून कळलं, त्यांनाही नव्हतं. आजी अनवाणीच आत गेली आणि फुलं ओंजळीत धरून मूर्तीपुढच्या दोरीपाशी खाली बसली.

पप्पा म्हणतील तसं करायची मला सवय. त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. तुला कडेवर सावरत सँडल काढले आणि दोरीच्या अलीकडं, आजीच्या शेजारी फरशीवर बसले. फरशी गार होती. रखवालदार वायरलेसवर साहेबांना बोलवायला लागला. आजीनं डोळे मिटले, आम्ही त्रिशरण सुरू केलं, मग पंचशील. तू आजीच्या ओंजळीतलं एक फूल उचललंस आणि सरळ तोंडात घातलंस.

"अहो, खाऊ देऊ नका तिला," रखवालदार वायरलेस बाजूला धरून म्हणाला.

पप्पा बसले नाहीत. पण वळून बघितलं तर ते मागं उभे होते. एका हातात माझे सँडल, दुसऱ्या हातात आजीच्या चपला, आणि लोक बघत होते.

साहेब आले. बाहेर जावं लागेल, म्हणाले. आजीनं हातानंच थांबायची खूण केली.

बाहेर गेलो आम्ही. पण वंदना म्हणून झाल्यावर.