दोनदा उजेड पाहिलेला रोल

मित्रांनो, मी छत्तीस फोटोंचा एक रोल आहे. जुना, काळा-पांढरा आणि दोनदा वापरलेला. हे शेवटचं सांगायला आजही मला जड जातं, कारण रोल एकदाच वापरायचा असतो. तुमच्या मोबाइलवर फोटो आवडला नाही, तर पुसून दुसरा काढता येतो. माझ्या अंगावर एकदा उजेड पडला की पडला. त्याच जागी पुन्हा उजेड पडला, तर दोन फोटो एकमेकांत मिसळतात आणि ज्यात उजेड जास्त, तो दुसऱ्याला गिळतो. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात, मिट्ट काळोखात झाला. तिथले कामगार भिंतीला हात लावून चालायचे आणि एकमेकांवर आदळू नये म्हणून हळूच शीळ घालायचे. त्या शिळा ऐकत मी कापला गेलो, गुंडाळला गेलो आणि एका छोट्या डबीत जाऊन बसलो. बाहेर राहिलं फक्त माझं बोटभर टोक. त्याला जीभ म्हणतात. ही जीभ बोलत नाही, हेच माझं दुर्दैव.

मला विकत घेतलं एका रंगाऱ्याच्या बायकोनं. तो इमारतींना रंग द्यायचा आणि ती शिवणकाम करायची. तिच्याकडे कुणीतरी वापरून झालेला एक जड कॅमेरा होता. समारंभ वगैरे तिला लागत नसे. कपडे पिळणाऱ्या शेजारणी, जिन्यात ठेवलेल्या चपला, पाण्याच्या टाकीवर बसलेलं मांजर, काय वाटेल त्याचे फोटो ती काढायची. दुपारी नवऱ्याला डबा द्यायला गेली की त्याच्या सोबत्यांचेही काढायची. त्यात एक उंच्या होता. शिडीवाचून छताला हात पोचायचा म्हणून हे नाव. आणि एक म्हातारे मिस्त्री होते, ज्यांच्या हाताखाली सगळे शिकले.

"अहो वहिनी, तोंड तरी धुऊ द्या," उंच्या म्हणायचा.

"धुतलेली तोंडं कुणाला बघायचीयेत?" ती म्हणायची, आणि खट् करून मोकळी व्हायची.

कॅमेऱ्यातला पडदा उघडला की क्षणभरच मला बाहेरचं दिसतं. त्या एकेका क्षणात मी तिची सगळी माणसं पाहिली. ती मात्र मला दिसायची नाही, कारण ती नेहमी माझ्या पाठीमागे असायची. फक्त एकदा तिच्या मनात काय आलं कोण जाणे. तिनं कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आपोआप फोटो निघायची चावी फिरवली आणि जिन्याच्या पायरीकडे धावली. र्रर्र असा आवाज सुरू झाला. ती कशीबशी वेळेत पोचली, पायरीवर टेकली आणि स्वतःलाच हसली. खट्. तो माझ्यावरचा एकोणिसावा फोटो.

छत्तीस झाल्यावर तिनं कॅमेऱ्याला कान लावून मला हळूहळू मागे गुंडाळलं. जीभ मुद्दाम बाहेर राहू दिली. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्या बाईंना ती तशी बाहेर लागायची, काळोखात काम सोपं व्हायचं. पण जीभ बाहेर असलेला रोल नवा की वापरलेला, हे कळणार कसं? म्हणून ती जिभेचा एक कोपरा दुमडून ठेवायची. ही खूण तिला माहीत होती आणि स्टुडिओवाल्या बाईंना. नवऱ्याला सांगायची वेळच कधी आली नव्हती. "उद्या नेऊन देते," असं म्हणत तिनं मला खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही.

दोन वर्षं मी त्या खणात बटणं, दोऱ्याची रिळं आणि वाळलेली पेनं यांच्यात पडून होतो. रंगाऱ्याची पावलं मला ऐकू यायची. त्याला घरात बसवत नसे. टेकला की उठायचा, उठला की दारापर्यंत जाऊन परत यायचा. एकदा त्यानं स्वयंपाकघराला रंग दिला. महिन्याभरानं तेच स्वयंपाकघर पुन्हा रंगवलं. मग त्यानं तिचा फोटो शोधायला घेतला. सगळे अल्बम उपसले, पेट्या उलट्या केल्या. सापडलं एक ओळखपत्र, आणि त्यावर बरोबर तिच्या तोंडावर शिक्का.

"सगळ्या जगाचे फोटो आहेत रे घरात," तो उंच्याला म्हणाला. "हिचाच नाही."

त्यानं माझा खणही उघडला होता. कागदबिगद आहे का पाहिलं, मला बोटानं बाजूला सारलं आणि खण लावून टाकला. मित्रांनो, माझी तेव्हा काय तगमग झाली, सांगता येत नाही.

मग एक दिवस बातमी आली की मिस्त्री काम सोडून मुलीकडे राहायला चालले. दूरच्या गावी, कायमचे. शेवटचं काम एका शाळेचं होतं. उंच्या म्हणाला, "वहिनी असत्या तर आज दहा फोटो निघाले असते. तू काढ की. कॅमेरा घरी आहे ना?"

"मला कुठं येतंय?"

"शिडी धरता येते ना? मग कॅमेरापण येईल."

सकाळी खण उघडला. त्यानं मला उचललं, जीभ बाहेर दिसली, म्हणजे नवाच, असं त्याला वाटलं. दुमडलेला कोपरा त्याच्या अंगठ्याला लागला. खणात पडून मुडपला असेल, असं समजून त्यानं तो नखानं दाबून दाबून सरळ केला. भिंतीवरची पुट्टी सपाट करायची सवय ना! मी मनातल्या मनात ओरडलो. झाकण बंद झालं.

आणि ते काम तरी कसलं? शाळेला पांढराशुभ्र रंग चालला होता. पांढरी भिंत, वर ऊन. माझ्यासाठी याहून मोठा वैरी नाही. खट्, बादल्या घेऊन उभा उंच्या. मांजर गेलं. खट्, शिडीची रांग. शेजारणी गेल्या. मी मोजत होतो. आठ. नऊ. रंगारी सारखा इकडून तिकडे फिरत होता, एका जागी पाय ठरत नव्हता, आणि प्रत्येक खटक्याला तिची दुपार, तिचा जिना पांढऱ्यात बुडत होता. चौदा. पंधरा. कुणी हाक मारावी, पाऊस यावा, कॅमेरा बिघडावा, काहीही व्हावं! सतरा. अठरा.

"मिस्त्री, तुम्ही इथं बसा," रंगारी म्हणाला. "या नव्या भिंतीपुढं."

भर उन्हातली, नुकती वाळलेली भिंत. मी म्हटलं, संपलं.

"पोट आत घेऊ का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"आत कुठं मावणारे ते?" उंच्या हसला आणि लगेच ओरडला, "अरे, बोट! काचेवर बोट आलंय तुझं!"

पण खट् होऊन गेलं होतं. अर्ध्या फोटोवर रंगाऱ्याचं जाडजूड बोट. दोघांनी त्याला यथेच्छ हसून घेतलं. त्यानं चिडून बोट काढलं आणि मिस्त्रींचा दुसरा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत छत्तीसही संपले. त्या एकोणिसाव्याचं काय झालं, माझं मलाच कळत नव्हतं.

चार दिवसांनी स्टुडिओवाल्या बाईंनी मला धुतलं, वाळवलं आणि खिडकीशी धरून पाहिलं. रंगारी काउंटरपुढे येरझाऱ्या घालत होता.

"भाऊ, बसा जरा," बाई म्हणाल्या. "हा रोल दोनदा चाललाय. खाली आधीचे फोटो आहेत."

"कुणाचे?"

बाईंनी माझ्या जिभेवरून बोट फिरवलं. "इथं घडी होती. कुणीतरी सरळ केलीये. वापरलेल्या रोलला अशी घडी तुमची बायको घालायची."

तो बसला नाही. टेबलाची कड धरून तसाच उभा राहिला. "मीच केली सरळ," तो म्हणाला. "म्हणजे मीच तिच्या फोटोंवर दुसरा हात मारला. पांढरा."

 बाईंनी सगळे फोटो बारीक छापलेला एक कागद त्याच्यापुढं ठेवला आणि हातात भिंग दिलं. तो एकेक फोटो पाहत गेला. कुठं पांढऱ्या भिंतीतून मांजराची शेपटी निघालेली, कुठं उंच्याच्या शर्टात अर्ध्या शेजारणी. बाकी सगळं धुतल्यासारखं. एकोणिसाव्यावर त्याचा हात थांबला. जिथं बोटाची सावली पडली होती, तिथं भिंतीचा उजेड पोचलाच नव्हता. तेवढ्या जागेत जिन्याची पायरी शाबूत होती. पायरीवर ती होती. हसत होती. पलीकडे, तिला अगदी खेटून, अर्धे मिस्त्री पोट आत घेऊन बसले होते.

भिंग तिथंच धरून तो म्हणाला, "बाई, मिस्त्रींना काढता येईल का यातून? मला तिचा एकटीचा हवाय."

"नाही हो. जिथं ते दोघं मिसळलेत, तिथं वेगळं काही उरलेलं नाही. कात्री लावली तर तिचा खांदाही जाईल."

मोठा फोटो करून घेऊन तो तडक मिस्त्रींच्या घरी गेला. मीही पाकिटात होतो. मिस्त्रींचं सामान बांधून झालं होतं. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"माझ्याकडं तिचा हा एकच आहे," रंगारी म्हणाला. "आणि तो मी असा करून ठेवला."

"मी कडमडलो मध्येच," मिस्त्री म्हणाले. "काप मला. मला काही वाटायचं नाही."

"कापता येत नाही. विचारलं मी."

"मग बसू दे रे तिला आमच्यात." मिस्त्रींनी फोटो त्याच्यापुढं धरला. "इतकी वर्षं आमचे फोटो काढत उभीच होती ती."

रंगारी खाली बसला. सामानाच्या गाठोड्यावरच बसला, आणि चहा येऊन निवेपर्यंत उठला नाही. दोन वर्षांत इतका वेळ तो एका जागी बसल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आता माझे सहा-सहा फोटोंचे तुकडे करून कागदी पाकिटात ठेवले आहेत. मी पुन्हा कॅमेऱ्यात जाणार नाही. तिचे पस्तीस फोटो माझ्या अंगावर बुडाले, त्यांची हळहळ मला कायम राहील.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे सगळ्यांचे फोटो काढतं आणि स्वतः एकाही फोटोत नसतं. आई असेल, मामा असेल, ताई असेल. आज त्यांच्या हातातून मोबाइल मागून घ्या आणि त्यांना समोर बसवा. "माझा कशाला, माझे केस बघ, मी अशीच आहे," असं काहीतरी ते म्हणतील. ऐकू नका. काढाच.