चपला बाहेर काढून खेळलेला खेळ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला सगळं नीट समजावून सांगितलं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, इंजेक्शनांनी वेग कमी होईल पण थांबणार नाही, कडेकडेचं दिसत राहील आणि समोरचं पुसट होत जाईल. दिवाळीनंतर टीव्हीवरची चित्रंसुद्धा ओळखू येणार नाहीत कदाचित. मी रिक्षात बसून रडू आवरत होते आणि ही बाई शांतपणे म्हणाली, "मोहिने, आपला तो बेटाचा खेळ कुठं हे गं? त्या दारामागं काय हे तेवढं बघून घेते. मग जाऊ दे डोळे."

मला राग आला. लोक डोळे जायच्या आधी काशी बघतात, परदेशातल्या नातवाला बोलावून घेतात. माझ्या आईला, पिंपळगाव बसवंतच्या कुसाबाईला, कॉम्प्युटर गेममधला एक दरवाजा बघायचा होता. पण तो राग काही आमच्या इंदिरानगरच्या घरापर्यंत टिकला नाही, कारण खरं सांगायचं तर तो दरवाजा मलाही बघायचा होता.

तो खेळ आला तेव्हा मी आठवीत होते. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाउस काढलं आणि निर्यातीचे कागद छापायला कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी ऑफिसात एसी बसला. घरात आम्हाला साधा कूलर नव्हता. कॉम्प्युटर बसवणारा माणूस जाता जाता सांगून गेला की धूळ लागली तर मशीनला व्हायरस होतो, म्हणून त्या खोलीत चपला घालून जायची सक्त मनाई झाली. मोठमोठे व्यापारी दाराबाहेर बूट काढून, मोज्यांवर आत यायचे. दसऱ्याला मॉनिटरला हळदकुंकू लागायचं आणि आई तर रोजच उंबऱ्याला हात लावून मग पाऊल आत टाकायची.

मशीनबरोबर एक सीडी फुकट आली होती. लाल टोपी घातलेला एक तरुण होडीतून एका बेटावर उतरतो. बेटावर धक्का आहे, दारुडा कप्तान आहे, एक म्हातारी आहे आणि टेकडीवर दगडी चर्च आहे. दीपगृहाचा दिवा विझलाय आणि दिवा सांभाळणारा गायब आहे. तुम्ही माउसने दाखवाल तिथे टोपीवाला जातो, सांगाल ते उचलतो आणि पिशवीत टाकतो. बस, एवढंच. कुणी कुणाला गोळी घालत नाही आणि कोपऱ्यात घड्याळ पळत नाही. तुम्ही भाजी निवडून या, धुणं वाळत घालून या, टोपीवाला तुमची वाट बघत तिथेच उभा. फार तर एक जांभई देईल. आता माझ्या कॉलेजातली पोरं जे खेळतात त्यात दर दोन मिनिटांनी नाण्यांचा पाऊस पडतो आणि विचार करायला कुणी थांबलं की मेलंच समजा. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. तसला सबुरीचा खेळ पुन्हा झाला नाही.

आई नानांचा डबा घेऊन यायची. एकदा माझ्या मागे उभी राहून ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "ती मांजर पेटीवरून हलंना व्हय? मग सुकट दे की तिला." पेटी उघडली. त्या दिवसापासून माउस तिच्या हातात गेला तो गेलाच. तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. पण गंजल्या कुलपाला तेल लागतं आणि दारुड्याकडून वस्तू काढायची तर आधी त्याचं गाणं ऐकावं लागतं, हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय? माणसांना नावंसुद्धा तिनेच ठेवली. धक्क्यावरची म्हातारी फार बोलायची, म्हणून तिचं नाव अंबूबाई, आमच्या शेजारणीवरून.

मग आम्ही चर्चपाशी आलो. टोपीवाल्याच्या पायात फुटक्या जहाजात सापडलेले खिळ्यांचे जाड बूट होते. दारातच आईने माउस थांबवला. "आधी बूट काढू त्याचे." तिने बुटांवर क्लिक केलं आणि खरंच, ते पिशवीत गेले. ती नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन आली होती, तिथे तिने आपल्या चपला बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे यात शंकेला जागाच नव्हती. देव कुणाचा का असेना, दारात पायताण काढायचं.

आत वेदीच्या मागे एक दरवाजा होता. त्याला ना कडी, ना कुलूप, ना भोक. पिशवीतली प्रत्येक वस्तू आम्ही त्या दारावर घासून पाहिली. मासा घासला, कंदील घासला, पहार लावली, कप्तानाची बाटलीसुद्धा फोडली. आईचा निकाल ठरलेला होता, "बंद दारामागं धन असतं, दुसरं काय असणार?" पुढच्या उन्हाळ्यात वीज पडून मशीन जळलं, नानांनी नवीन घेतलं आणि त्यावर ती सीडी काही चालली नाही. नाना गेले, पॅकहाउस माझ्या धाकट्या भावाकडे, दिनेशकडे आलं, आई माझ्याकडे आली. तो दरवाजा मात्र बंद तो बंदच.

दिनेशने पॅकहाउसच्या कपाटातून सीडी शोधून पाठवली. जुने खेळ नव्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते मी लॅपटॉपवर टाकलं आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. तिला आधीच सांगून ठेवलं, की इंटरनेटवर कुणीतरी उत्तर लिहून ठेवलं असेल, आपण पाच मिनिटांत दार उघडू. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा बोलले नाही. "दुसऱ्यानं चावलेला घास मला नको. उघडंल तर माझ्या हातानं उघडंल."

रविवारी दुपारी ती टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. समोरचं नीट दिसत नाही म्हणून मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, कोंबडी बघते तशी बघत होती. पण तिला बेट तोंडपाठ होतं, माउस हलवत ती टोपीवाल्याला सांगत होती. "डावीकडं वळ. जाळ्यामागं दोरी हे. अंबूबाईला नमस्कार कर आणि पुढं हो, ती सोडायची नाय लवकर." कुणी बोलायला लागलं की ती फटाफट क्लिक करून त्याचं तोंड बंद करायची, कारण हे सगळं तिचं ऐकून झालेलं होतं. संध्याकाळी दिवाबत्तीपर्यंत आम्ही चर्चच्या दारात होतो. तिने टोपीवाल्याचे बूट काढले. आणि आम्ही पुन्हा जिथल्या तिथे.

मग आठवडे गेले. कॉलेजातून आले की मी चहा टाकायची आणि आम्ही दाराला डोकं लावायला बसायचो. मधेच तिला माउसचा बाण दिसेनासा झाला. मी तो मोठा केला, पिवळा केला, आणखी मोठा केला. इंजेक्शनं चालू होती आणि प्रत्येक वेळी डॉक्टर जरा कमी बोलायचे. एके दिवशी तिने माउस ठेवून दिला. "ऱ्हाऊ दे बाई. नाय उघडायचं ते." माझी आई असं कधी म्हणाली नव्हती. मी इतकी चिडले, की तो खेळ करणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि एकटीनेच खेळायला बसले.

टोपीवाला चर्चच्या दारात आला. मी सवयीने बुटांवर क्लिक केलं आणि या वेळी त्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. अनवाणी पायांकडे बघत तो म्हणाला, 'किती शांत झालं आता.' मी परत बूट चढवले. काढले. पुन्हा तेच वाक्य. म्हणजे बूट पायात असले की आवाज होत होता.

"आई, त्याला बूट घालून आत नेऊ या."

"नाय."

"अगं, त्या खिळ्यांचा आवाज व्हायला हवाय. तेच उत्तर आहे."

"धनापायी देवाच्या दारात बूट? माझ्या हातानं नाय व्हायचं, आणि माझ्यासमोर तुझ्याबी नाय."

"आई, तो चित्रातला माणूस आहे."

"देवबी चित्रातच असतो आपल्या देवघरात. हात जोडतोच ना आपण त्याला?"

कपाळ माझं. तिला तो दरवाजा बघायचा होता, तिचे डोळे दिवसागणिक मालवत होते, उत्तर हाताशी आलं होतं आणि बाई चपलांवर अडून बसली होती. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी न बोलता पिठलं-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी हट्टाने खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि ठरवलं, की या वेळी सगळ्यांचं सगळं ऐकायचं, एक शब्द वगळायचा नाही. आई शेजारी लसूण सोलत होती, मला मुद्दाम न बघता. अंबूबाई धक्क्यावर बसून बोलायला लागली. मासळीचे भाव झाले, गुडघेदुखी झाली, सुनेच्या चहाड्या झाल्या. आणि अगदी शेवटी, जिथपर्यंत आम्ही तिला कधी पोचूच दिलं नव्हतं, तिथे ती म्हणाली, की संध्याकाळी वारा पडला की चर्चच्या खालून दिवेवाल्याचं गाणं ऐकू येतं, पण माझं कोण ऐकतंय. मी ते मोठ्याने मराठीत सांगितलं.

आईचा हात थांबला. "खालून म्हणजे?"

"तो चर्चच्या खाली अडकलाय. त्या दारामागे धन नाही आई, माणूस आहे."

"जिता हे?"

"गातोय म्हणजे जिवंतच असणार."

तिने लसणाचं ताट बाजूला सारलं. चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता माझी धडगत नाही. "इतकी वर्षं एक माणूस खाली कोंडलाय आणि आपण वर चपला काढत बसलोय? देवळाला आग लागली तर कुणी पायताण काढून शिरतं का आत? घाल बूट."

बूट, पहार, कंदील पुन्हा गोळा करत आम्ही चर्चपाशी आलो आणि बूट पायातच ठेवले. टोपीवाला चर्चमध्ये शिरला आणि खिळे फरशीवर वाजायला लागले. टक, टक, टक. मी डोळे फाडून पडद्याकडे बघत होते, एखादा दगड हलतोय का, कुठे रंग बदलतोय का. काहीच नाही. आईने बघायचा प्रयत्नच सोडला होता. तिने डोळे मिटून घेतले, पाय जवळ घेतले आणि मान खाली घातली, बाजारात माठ वाजवून घेताना घालते तशी. "ह्या कडंनं त्या कडंला ने. हळू. आता मागं."

टक, टक, टक, टक.

"थांब. एक पाऊल मागं." टोपीवाला एक पाऊल मागे आला. मला अजूनही फरक कळला नव्हता. "हा दगड पोकळ हे. पहार दे त्याला."

माउस तिने स्वतः धरला. बाण तिला दिसत नव्हता, म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवून दिशा दिली, पण क्लिक तिचंच. पहार दगडाच्या फटीत गेली, दगड उचलला गेला आणि खाली पायऱ्या दिसल्या. मी किंचाळले असते, पण आईने मला गप्प केलं. पायऱ्या उतरून अंधार, अंधारात कंदील, कंदिलाच्या उजेडात एक दाढीवाला माणूस बसलेला. त्याने टोपीवाल्याकडे पाहिलं, उठला, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या चढला आणि त्याला एकट्याला न हललेला अडसर दोघांनी मिळून सरकवून दार ढकललं. वेदीच्या मागचा तो दरवाजा आतून उघडला. बाहेरून त्याला कडी नव्हती, कारण ती पहिल्यापासून आतच होती.

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. आयुष्यात मी पदवी घेतली, घर घेतलं, नोकरीत कायम झाले, पण असं ऊर भरून आलेलं मला आठवत नाही. आम्ही जिंकलो होतो, कुणाच्या मदतीशिवाय, आणि वेळेत.

दिवेवाला दीपगृहाच्या जिन्याने वर चढला आणि त्याने दिवा लावला. तो उजेड समुद्रावरून फिरला, बेटावरून फिरला, टीव्हीभर झाला, आमच्या भिंतींवर पडला. आई मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलती करून सगळं टिपत होती. शेवटी दिवेवाला खिडकीत उभा राहिला आणि खेळ करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. तिला बोलायचं होतं, पण माझ्याशी नाही. "दिनेशला फोन लाव."

पॅकहाउसवर गडबड असणार, मागे टेम्पोचे हॉर्न वाजत होते. आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "दिनेश, आपला माणूस सुटला."

"कोण माणूस? कुणाला धरलं होतं?" दिनेश घाबरलाच.

"दिवेवाला रे. बेटावरचा. त्या दारामागं तोच होता. मी सोडवला त्याला. वर येताना बघितला पण."

डॉक्टर काय म्हणाले ते दिनेशला ठाऊक होतं. मग त्याने हळूच विचारलं, "कसा दिसतो गं?"

"लय वाळलाय. दाढी छातीपर्यंत. निळा सदरा हे अंगात, आणि डाव्या बाहीला कोपरापाशी ठिगळ लावलंय, तपकिरी. सोताच शिवलं असंल, टाके लय वाकडे हेत."

सदरा मी पाहिला होता. ठिगळ मला दिसलं नव्हतं. मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. डाव्या बाहीवर, कोपरापाशी, तपकिरी ठिगळ होतं आणि टाके वाकडे होते.