सुमनताईंचं घमेलं

लोखंडी घमेल्यात दगड पडल्याचा आवाज माझ्या कानांत सुमनताईंच्या आवाजाच्याही आधी येतो. आधी एक, मग दोन, मग गारांचा मारा व्हावा तसा एकदम खणखणाट. आणि त्या खणखणाटापलीकडे पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या ताई, कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू आणि नजरेत दुपारचं ऊन. चंदीगडचा मे महिना मुळातच मारकुटा. तापलेल्या वाऱ्याची लू भर दुपारी थपडा मारत हिंडते, बहाव्याचे पिवळे घोस हिसडून रस्त्यावर फेकते आणि सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यापलीकडच्या मोकळ्या जागेत धुळीचे लोट उठवते. त्याच जागेत, एका कडुनिंबाखाली, रोज चार वाजता आमचा वर्ग भरत असे.

वर्ग म्हणजे पदपथावर, दुकानांच्या वळचणीला, जिथे कुणी हाकलणार नाही तिथे झोपणारी वीस-बावीस मुलं. ताई मूळच्या गडहिंग्लजच्या. यजमान सैन्यात सुभेदार, तीन वर्षांच्या नेमणुकीवर इथे आलेले. मी इथल्या विद्यापीठात शिकवतो. गणेशोत्सवातल्या ओळखीवर ताईंनी मला गणितासाठी वर्गावर ओढून नेलं. ‘ओढून’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. त्यांनी खरोखरच दंडाला धरून नेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एका पेन्सिलीवरून भांडण जुंपलं आणि सहा वर्षांच्या एका पोराची भुवई दगडाने फुटली. ताईंची अख्खी ओंजळ रक्ताने भरली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या खिशात दगड आहे: कुत्र्यांसाठी, दारुड्यांसाठी, झोपेत पाय ओढणाऱ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी ताई घमेलं घेऊन आल्या. खिसे रिकामे केल्याशिवाय बसायचं नाही; वर्ग सुटला की ज्याचा दगड त्याला परत. आपापला दगड मुलं अचूक ओळखत. मधल्या दोन तासांत कुणाचा हात जाऊ नये म्हणून ते घमेलं माझ्या गाडीच्या डिकीत कुलूपबंद असे, आणि किल्ली माझ्या खिशात.

“दगुड धरलेल्या हातात पेन्सिल ऱ्हातीय व्हय, सर?” ताई म्हणाल्या होत्या. मला ते तंतोतंत पटलं. कडी लावून झोपणाऱ्या माणसांना असले नियम चटकन पटतात.

ताईंचं रूप सांगायचं तर त्यांच्या हातांबद्दल सांगायला हवं. रुंद, खरबरीत, भाकरी थापून पसरट झालेले ते हात फळ्यावर अक्षर काढत तेव्हा खडू मोडे. पोरांच्या डोक्यावरून फिरत तेव्हाही त्यांचा भार जाणवे. माया करतानाही त्या जणू कुणाशी तरी भांडत असत. ज्या जगाने या मुलांना उघड्यावर टाकलं त्या जगावर त्यांचा जो राग होता, तो त्यांच्या चालण्यात होता, हाका मारण्यात होता, पाण्याच्या बाटलीचं झाकण पिळण्यातही होता. चार महिने त्यांनी कुणालाही एक चापट मारली नाही. त्यासाठी त्यांना किती दात आवळावे लागत, ते मी जवळून पाहिलं आहे.

दहा वर्षांची चंदा आपला दगड सर्वांत शेवटी ठेवी. टाकत नसे, वाकून ठेवी. आई-बाप दूर कुठे मजुरीला, ती चाचा-चाचीकडे. पोर विलक्षण हुशार. जवळच्या शाळेने तिला थेट पाचवीत घ्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी सकाळी आठ वाजता लेखी परीक्षा, तेवढी पार पडली की झालं. यजमानांची बदली आलेली, जून उजाडताच ताई जाणार होत्या. “हिचं नाव एकदा शाळंत लागू दे, सर. मग मी सुटले,” असं त्या रोज म्हणत.

चाचाला ती संध्याकाळी सिग्नलवर हवी होती. गाड्यांच्या गर्दीत पेनं विकायला. परीक्षेआधीच्या गुरुवारी तो सायकल-रिक्षाचा लोखंडी पाइप घेऊन वर्गात शिरला. चंदा उठून उभी राहिली आणि तिचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात गेला. खिशात काही नव्हतं. तो हात बाहेर आला, कपाळापुढे आडवा झाला आणि पहिला फटका त्याच्यावरच बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मुलं तिच्याकडे धावली नाहीत. सगळी माझ्या गाडीकडे धावली. वीस पोरं डिकीवर मुठींनी, डोक्यांनी, लाथांनी धडका देत होती, आणि त्या रेट्यात माझी किल्ली कुलपात शिरत नव्हती. मागे वळून पाहिलं तेव्हा ताईंनी फळ्याच्या तिकाटण्याचा एक पाय उपटला होता. त्यांनी चाचाला मारलं. तो पडल्यावरही मारलं, त्याच्या कानामागून रक्त आल्यावरही मारलं. मी कंबरेला मिठी घालून त्यांना मागे खेचलं तेव्हा त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सोडा मला, सर. संपवते ह्याला.” त्यांना मोकळं सोडावं असं मला एक क्षण वाटलं होतं. चाचा धडपडत उठला आणि डोकं धरून पळाला.

इस्पितळात मनगटाला प्लास्टर घालून झाल्यावर चंदा ताईंना म्हणाली, “पत्थर दे देते न मैडम जी, तो मैं भाग जाती.” स्वरात तक्रार नव्हती. चुकलेल्या उदाहरणाचं बरोबर उत्तर सांगावं, इतक्या सरळपणे ती म्हणाली. ताई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, माणसं वळून पाहू लागली तरी थांबल्या नाहीत. मी किल्ली खिशात चाचपत भिंतीशी उभा होतो.

चाची आली आणि सही करून तिला घेऊन गेली. नातं तिचं, आम्ही कोण? शुक्रवारी ताई शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेशी भांडल्या आणि चंदाने तोंडी सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, एवढं कबूल करून घेतलं. सोमवारी साडेसातपासून आम्ही दोघं शाळेच्या फाटकाशी होतो. आठ वाजले, नऊ वाजले. ऊन अंगावर चढत गेलं. दहा वाजता वर्गातला एक मुलगा धावत सांगायला आला की रविवारीच ते सगळे सामान उचलून गेले, अंबाल्याकडे की आणखी कुठे, कुणाला ठाऊक नाही. ताई त्यानंतरही तासभर तिथून हलल्या नाहीत.

तीन वर्षं झाली. ताई आता आसामात आहेत. दर सोमवारी त्यांचा फोन येतो; नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसतं “दिसली का ओ?” मी नाही म्हणतो आणि फोन बंद होतो. शेजारच्या पंचकुल्याच्या रस्त्यावर सिग्नलला एखादी मुलगी काच ठोठावते तेव्हा मी आधी तिच्या मनगटाकडे पाहतो, मग चेहऱ्याकडे. तिने मला ओळखावं असं वाटतं, आणि ओळखू नये असंही. कोवळं हाड लवकर सांधतं, असं डॉक्टर म्हणाले होते. सांधलं असेल, वाढलंही असेल, कारण काळ मुलांना बरोबर घेऊनच पुढे जातो. मागे ठेवतो तो आम्हाला, एका सोमवारी, उन्हात, शाळेच्या उघड्या फाटकाशी.