पाडलुकचं तिसरं मागणं

तीन पायांवर पेटी ठेवून माणसांची हलती चित्रं धरणाऱ्या त्या गोऱ्याला सगळी वस्ती तिपाई म्हणायची. अगदी तोंडावर. त्याला वाटायचं, मानाचं नाव आहे. आमची भाषा त्याला मोडकीतोडकी यायची, पण आमच्याबद्दल मात्र आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं.

"म्हातारी माणसं तुम्ही बर्फावर सोडता. ते दाखव," तो आमच्यातल्या उयारक शिकाऱ्याला म्हणाला.

"कोण सोडतं? आजोबांच्या वेळी, भुकेच्या वर्षी, एकदा कुणीतरी..."

"तेच. तुझ्या आईला आण. नवी बंदूक देतो."

उयारकची बंदूक ऐन हिवाळ्यात फुटली होती. घरात दोन पोरं, आणि महिनाभर सील हाती लागला नव्हता. शिवाय परक्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्यात जमत नाही. आम्ही गप्प बसतो आणि तो होकार समजतो.

बायको निवियाक मात्र गप्प बसली नाही. "डोकं फिरलंय का तुझं? म्हाताऱ्या माणसानं 'मला इथंच ठेवा' असं तीनदा म्हटलं की मुलाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर सीलसुद्धा त्या घराकडे पाठ फिरवतात. खेळातही तिला हे बोलायला लावू नकोस."

"एकदाच म्हणायचंय गं."

उयारकची आई, म्हातारी पाडलुक, तर हरखून गेली होती. "निवियाक, तुझं तोंड कुणी मागितलं का? माझंच मागितलं! केस नीट विंचर माझे."

बर्फावर ती ऐटीत बसली, म्हणाली, "मला इथंच ठेवा," आणि खो खो हसत सुटली. तिपाई वैतागला. "हसायचं नाही! पुन्हा!"

दुसऱ्यांदा तिनं छान म्हटलं. उयारकनं कुत्र्यांची गाडी हाकली आणि थोडं पुढं जाऊन आईकडे वळून बघितलं.

"वळू नकोस!" तिपाई ओरडला. "तुमची मनं घट्ट असतात. पुन्हा!"

उयारकनं मनात मोजलं. तिसरी वेळ. पण तिपाईच्या पेटाऱ्यावर बंदूक ठेवलेली त्याला दिसत होती. नक्कलच तर आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. आईनं पुन्हा म्हटलं. त्यानं मान ताठ ठेवली आणि टेकाडापर्यंत एकदाही मागं बघितलं नाही.

"फक्कड!" तिपाईनं टाळ्या वाजवल्या.

उयारक परत आला. "चल आई, ऊठ. चहा मिळणार आहे."

पाडलुक उठली नाही. "पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा तू वळलास, बरं वाटलं. तिसऱ्यांदा मनात म्हटलं, आताही वळला तर ही सगळी नक्कल. तू वळला नाहीस."

"अगं, त्यानं सांगितलं म्हणून!"

"त्यानं सांगितलं म्हणून आईला सोडलंस. तीनदा मागितलंय मी. आता घरी आले तर पोरांच्या तोंडचा सील जाईल. मला उचलू नकोस, हात चावीन."

त्यानं उचललीच. तिनं खरोखर चावा घेतला, रक्त येईपर्यंत. तो गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्या नाकाला नाक लावलं, त्याच्या गालाचा वास घेतला आणि त्याला ढकलून दिलं. "नीघ. उजेड आहे तोवर नीघ."

तो तिपाईकडे धावला. "तू सांग तिला! खोटं होतं म्हणून सांग!"

तिपाई चहा पीत होता. चित्रांचे डबे बंद करून झाले होते. वाकून त्यानं लांबवर बसलेल्या म्हातारीकडे एकदा बघितलं. "अजून करतेय? छान करते. पण आता नको, पेटीतली चित्रांची पट्टी संपत आलीय. आणि तू असा रडतोयस, ते चालणार नाही. आमच्याकडे कुणाला खरं वाटणार नाही."

त्यानं बंदूक उयारकच्या हातात दिली आणि त्याची पाठ थोपटली.

उयारकनं गाडी हाकली. या खेपेला तो टेकाडापर्यंत सारखा मागं बघत राहिला. पाडलुकनं त्याच्याकडे पाठ केली होती.