दोन दिवसांसाठी लावलेला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणी बिचारा म्हणायचं नाही.

माझा जन्म पलंगासाठी झाला. पलंगाचा पाय घट्ट धरायचा, एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करत होतो. एके दिवशी घरच्या मोटारसायकलचं इंजिन चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारा बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला. बाबांना कामावर जायची घाई. त्यांनी पलंगाखाली हात घातला आणि मला उपसून काढलं. चेसीच्या भोकाला मी बारीक पडत होतो, म्हणून माझ्याभोवती डब्याचा पत्रा गुंडाळला. "दोनच दिवस, मग चांगला आणतो," असं त्यांनी आईला सांगितलं. आईने मुकाट्याने पलंगाखाली वीट सरकवली.

ते दोन दिवस एकोणीस वर्षं चालले!

पत्र्याचा पहिल्याच वर्षी भुगा झाला. इंजिनाच्या हादऱ्यांनी माझे आटे झिजले, मी मधोमध वाकलो आणि माझ्यापायी चेसीचं भोकही लांबट झालं. एकदाही कुणी मला पाना लावून पाहिलं नाही. गाडी मात्र आठवड्याला धुऊन पुसून लखलखीत व्हायची. पाहुण्यांसमोर बाबा सीट थोपटून म्हणायचे, "अजून एकही नट हललेला नाही!" मला इतका राग यायचा की विचारू नका.

पुढे गाडी कोपऱ्यात पडली. लेक मोठी होऊन कारखान्यात लेथ चालवू लागली. तिने ठरवलं, हीच गाडी नीट करायची आणि रोज कामावर न्यायची. चेसी मोकळी करताना तिला मी सापडलो. तिने भोक गोल करून त्यात धातूच्या नळीसारखी बुश बसवली आणि डोक्यावर ताकदीचा आकडा असलेला नवा बोल्ट आणला. बाबा मात्र अडून बसले.

"याला बसेल अशी बारीक भोकाची बुश कर आणि हाच परत लाव. इतकी वर्षं टिकलाय. नव्यांना नुसती चकाकी, दम कुठाय?"

"बाबा, हा पलंगाचा आहे!"

"असेना का!"

"बरं. नवा जेवढा आवळायचा, तेवढाच हा आवळून दाखवा. टिकला तर हाच लावते."

तिने माझं डोकं टेबलावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरलं, वर भोकाचा जाड ठोकळा घालून नट चढवला आणि किती जोर लागतोय ते काट्यावर दाखवणारा पाना बाबांच्या हाती दिला. बाबा माझी बाजू घेत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्यासाठी भांडत होतं. पण मला त्या भोकात परत जायचं नव्हतं. काटा निम्म्यावरही आला नव्हता, तोच मी ताडकन तुटलो.

बाबांनी माझे दोन तुकडे तळहातावर घेतले. मग हळूच म्हणाले, "लहानपणी तू पुढे टाकीवर बसायचीस गं."

"माहितीये," ती म्हणाली आणि नवा बोल्ट त्यांच्यापुढे धरला. "आवळा आता. मी काटा बघते."

मित्रांनो, मी तुटलो म्हणून हळहळू नका. टिकलो असतो, तर ती पोर माझ्या भरवशावर रस्त्यावर निघाली असती. तुमच्या सायकलीतले बोल्टही असेच गप्प बसलेले असतील. पाना घ्या आणि आजच बघा. ते तक्रार करणार नाहीत, एकदम तुटतील.