जानकी टीचरचा अभिप्राय

खोटं कशाला बोलू, मला सेजलचा मत्सर वाटत होता. धारगळच्या आमच्या हायस्कुलात मी चोवीस वर्षं इंग्रजी शिकवते. अर्ध्या गावाने 'गुड मॉर्निंग' माझ्याकडून घेतलंय. आणि ही कालची पोर, विमलाची मुलगी, जूनमध्ये टॅब घेऊन आली आणि दिवाळीपर्यंत मुलं मलाच विचारू लागली, "टीचर, आज सेजल टीचरचो तास ना?"

डिजिटल अभ्यासक्रमाचा प्रयोग आमच्याकडे एका वर्षासाठी होता, आणि त्याच्यासोबत सेजल कंत्राटावर आली होती. टॅबमधली बाई वाचून दाखवणार, मुलं तिच्यामागून वाचणार, चुकलं तर ती न रागावता पुन्हा सांगणार. यंत्रच ते, त्याचा कुठे घसा सुकतोय!

फेब्रुवारीत हेडमास्तर राजेशसरांनी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. प्रयोग पुढे चालू ठेवावा का? इंग्रजीत सगळ्यांत जुनी मी, म्हणजे वजन माझ्या शब्दाला. मी दोन पानं भरली. वीज गेली की तास बुडतो. मुलांचं अक्षर बिघडलं. धड्यात बर्फ पडतो, पण आमच्या मुलांना शिगमा इंग्रजीत सांगता येत नाही. शेवटी लिहिलं, बंद करावा. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे वीज नव्हती की अक्षर नव्हतं, सेजलभोवती जमलेला घोळका होता.

फॉर्म दिला आणि घरी येताना पुढचं ध्यानात आलं. प्रयोग बंद म्हणजे सेजलची नोकरी गेली, आणि त्यांच्या घरात पगार तिचाच. मला ती डोळ्यांसमोर नको होती, पण तिच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. म्हणून सोमवारी नारळ घेऊन देवळात गेले. आमच्याकडे गाऱ्हाणं आपण घालत नाही, गुरव घालतो, नावागावासकट, खणखणीत आवाजात. मी त्याला सांगितलं, सेजलला कायमची नोकरी मिळू दे. 'दुसरीकडे' एवढं मात्र चार माणसांदेखत जिभेवर येईना. ते मी मनात म्हटलं. देव काय ते समजून घेईल.

"देवा म्हाराजा, आमच्या शाळेची जानकी टीचर विमलाच्या सेजलासाठी नारळ ठेयता. त्या चेडवाची नोकरी कायम कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आले. त्यांतला एक रडवेला होता. वळून बघते तर विमला. तिने माझे दोन्ही हात धरले.

"टीचर, सख्खी मावशी पण इतक्या करूची ना."

मी हात सोडवून घेतले आणि चपला शोधायला लागले.

मंगळवारी मधल्या सुट्टीत सेजल स्टाफरूममध्ये आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"टीचर, काल फोंड्याच्या एका शाळेतसून फोन इल्लो. पर्मनंट जागा. ना म्हणून सांगलंय."

"येडी झालंस गो? कित्याक ना म्हटलंस?"

"तुमी माझ्या हंयच्या नोकरीसाठी देवाकडे नारळ ठेयलास. आई म्हणता, अशे टीचर सोडून खंय जातलंस?" ती हसली. "आणि तुमी अभिप्राय दिलास म्हटल्यार प्रयोग काय बंद पडना."

"आताच्या आता फोन कर तेंका!"

"ती जागा सकाळीच दुसऱ्याक दिली, टीचर."

देवाने माझ्या मनातलं ऐकलं होतं आणि तिने गुरवाचं. मी उठले ती थेट हेडमास्तरांच्या खोलीत. राजेशसर डिचोलीच्या बैठकीला निघाले होते, फॉर्मचा लखोटा बगलेत, हातात हेल्मेट.

"सर, माझो फॉर्म दिया. चुकलो तो."

"तुमचो? चुकलो?" सरांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, लखोट्यातला माझा जुना फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि कोरा पुढे केला. "पाच मिनटां, टीचर. बैठक चुकतली."

फॉर्मात एक चौकट होती, एका विद्यार्थ्याचं उदाहरण द्या. आदल्या वेळी मी ती रिकामी सोडली होती. उदाहरण नव्हतं म्हणून नव्हे. आठवीतली दिपाली पाचवीपासून तीन वर्षं माझ्याकडे होती. उत्तर विचारलं की मान खाली. मी तिला बाकावर उभी केली, सगळ्यांसमोर मुकी म्हटलं. डिसेंबरात सेजलच्या वर्गावरून जाताना खिडकीतून मी तिला बघितलं. टॅब तोंडाजवळ धरून ती अख्खं पान वाचत होती, चुकत होती, पुन्हा वाचत होती. मग तिने आपणहून हात वर केला. मी तशीच मागे फिरले आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

सर दारात उभे होते. मत्सर गेला नव्हता, छातीत तसाच जळत होता. मी लिहिलं, 'दिपाली माझ्याकडे तीन वर्षं होती. मला घाबरून एकदाही बोलली नाही. सेजलच्या वर्गात ती बोलते.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

सरांनी उभ्याउभ्याच वाचलं.

"थांबा सर," मी म्हटलं. "चालू ठेवचो काय बंद करचो, ता लिवचा रवला."

"तेची गरज ना, टीचर," सर म्हणाले आणि फॉर्म लखोट्यात घातला.